आठ हजार, अठरा हजार आणि मग पगार

शिक्षकाला पगार किती, याला मुंबईत एक उत्तर नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांत, सारखंच बी.एड. करून, नववीला तेच गणित शिकवणाऱ्या दोन बाईंच्या पगारात चौपट फरक असू शकतो. हा फरक अनुभवावर किंवा हुशारीवर ठरत नाही. तो ठरतो ‘शाळा’ या शब्दाच्या आधी कोणतं विशेषण लागतं त्यावर: अनुदानित (पगार सरकार देतं), अंशतः अनुदानित (काही टक्के सरकार, बाकी संस्था), विनाअनुदानित (सगळा संस्था देते) की स्वयंअर्थसहाय्यित (अनुदान मागायचंच नाही या अटीवर उघडलेली). बी.एड.च्या दोन वर्षांत मूल्यमापनावर ढीगभर टिपणं काढली, पण हे चार शब्द कुणी फळ्यावर लिहिले नाहीत. नोकरी शोधण्यापासून पहिला पूर्ण पगार खात्यात पडेपर्यंत काय काय लागतं, ते इथे तारखांसकट लिहिते आहे.

आमची दोन वर्षांच्या बी.एड.ची पहिली बॅच, २०१५ ते २०१७. त्याच डिसेंबरात राज्याची पहिली ‘टेट’ झाली. इथे नवख्यांचा नेहमी गोंधळ होतो. टीईटी वेगळी आणि टेट वेगळी. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी, प्रत्येकी १५० गुण, आणि खुल्या प्रवर्गाला पास व्हायला ९० हवेत. टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिला २०० गुण, दोन तास, आणि पास-नापास नाहीच. मिळालेले गुण घेऊन ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर रांगेत उभं राहायचं. नववी-दहावीला शिकवायचं असेल तर टीईटीची अट नाही, तरी दुसरा पेपर देऊन ठेवावा. एक पेपर हजार रुपयांत होतो, प्रमाणपत्र आता आजन्म चालतं, आणि संस्थेला पाचवी ते दहावीचे तास वाटताना सहावी-सातवी घेऊ शकणारा माणूस सोयीचा पडतो. शिवाय १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नोकरीत असलेल्यांनाही टीईटीच्या कक्षेत आणलं आहे. म्हणजे ती टळेल या आशेवर राहण्यात अर्थ नाही.

टेट दिली म्हणजे लगेच नोकरी लागते असंही नाही. २०१७ नंतरची टेट थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली आणि त्यानंतरची २०२५ मध्ये. मधली वर्षं पोट भरायला खाजगी शाळाच असते, म्हणून तिथला हिशोब आधी.

विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मुलाखतीला ‘तीस हजार’ सांगितले जातात. विचारायचा पहिला प्रश्न: हे तीस हजार सीटीसी (म्हणजे शाळेला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) की हातात? समजा सीटीसी ३०,००० आणि मूळ वेतन १५,००० दाखवलं आहे. त्यातून शाळेच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १,८०० जातो, तुमच्याच पगारातून. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, तरतूद म्हणून महिन्याला साधारण ७२१ जातात. राहिले २७,४७९. त्यातून तुमच्या वाट्याचा निधी १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा केला की हातात २५,४७९. साडेचार हजारांचा फरक पहिल्या महिन्यातच कळतो, पण तोवर आपण सही केलेली असते. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं सलग काढली तरच मिळते. (शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू नाही, असं अजूनही काही शाळा सांगतात. लागू आहे. कायदा २००९ मध्ये दुरुस्त झाला, तोही १९९७ पासूनच्या प्रभावाने, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.)

दुसरा प्रश्न: नियुक्ती किती महिन्यांची? जूनमध्ये रुजू व्हा आणि एप्रिलअखेर मोकळे व्हा, असा करार असेल तर तीस हजार हा बारा महिन्यांचा आकडा नाही. वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि मगच दुसऱ्या शाळेशी तुलना करा.

तिसरी गोष्ट विचारता येत नाही, ती कानावर येते. खात्यात पूर्ण वेतनश्रेणीचा पगार जमा होतो आणि दोन दिवसांनी त्यातली बरीचशी रक्कम रोख परत करायची असते. मी २०१८ ते २०२१ ज्या शाळेत होते, तिथे ही पद्धत होती. कागदोपत्री तुम्ही चांगल्या पगारावर असता. फॉर्म १६ त्या पगाराचा निघतो, आयकर त्यावर मोजला जातो, आणि तक्रार करायला गेलात तर बँकेचं स्टेटमेंट तुमच्याच विरोधात बोलतं. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांतल्या वेतनश्रेणीबद्दलही बोलतात. पण नोकरीत राहून त्यावर भांडणारा माणूस मी तरी पाहिला नाही. सेवेतून काढलं तर मात्र शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, आणि मुदत फक्त ३० दिवसांची आहे. वकील शोधण्यातच तीन आठवडे जातात, हे लक्षात ठेवून चाला. अपील करताना पहिल्यांदा लागतो तो नियुक्ती आदेश. तो नियमावलीतल्या ‘अनुसूची ड’च्या नमुन्यात आहे का आणि त्यात परिवीक्षाधीन (कायम होण्याआधीच्या चाचणी काळातलं) लिहिलंय की तात्पुरतं, हे रुजू होतानाच बघा.

२०२१ च्या सप्टेंबरात पवित्रवर मुलाखतीसह भरतीच्या याद्या लागल्या. पवित्रवर दोन प्रकार असतात. मुलाखतीशिवाय म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका आणि तसा पर्याय निवडलेल्या संस्था. तिथे गुणांवर थेट निवड होते. मुलाखतीसह म्हणजे खाजगी अनुदानित संस्था. एका जागेसाठी अनेक उमेदवार पाठवले जातात आणि निवड संस्था करते. प्राधान्यक्रम भरताना लोक शाळेचं नाव आणि स्टेशन बघतात. त्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, पद किती टक्के अनुदानावर आहे. वीस टक्के टप्प्यावरच्या शाळेत सरकार पगाराचा पाचवा हिस्सा देतं आणि उरलेला संस्थेने द्यायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी येत नाही. आझाद मैदानावर टप्पावाढीसाठी, म्हणजे अनुदानाचे टक्के वाढावेत म्हणून, बसलेले शिक्षक दिसतात, ते याच वर्गातले. दुसरी, शाळेची पटसंख्या. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर ते, मुलांच्या संख्येवर होते, आणि मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या शाळांचा पट उतरता आहे. तुकडी कमी झाली की पद अतिरिक्त ठरतं आणि सेवाज्येष्ठतेत सगळ्यात खाली असलेल्याला समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याच्या, रांगेत जावं लागतं. तिसरी, तुमची जागा बिंदुनामावलीत (आरक्षणाप्रमाणे पदांच्या वाटणीचा तक्ता) नेमक्या कुठल्या प्रवर्गाची आहे. हे लिपिकाला फोनवर विचारलं तर मुख्याध्यापकांना विचारा म्हणतात, मुख्याध्यापक संस्थेकडे पाठवतात. तरी विचारा, कारण मान्यतेचा प्रस्ताव अडकतो तो बहुधा याच जागी.

रुजू झाले १ फेब्रुवारी २०२२ रोजी, माध्यमिक विभागात, शंभर टक्के अनुदानित पदावर. मानधन महिना ८,०००.

हा आकडा वाचून लोकांना टायपिंगची चूक वाटते. चूक नाही. महाराष्ट्रात नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ म्हणून जातात. दहा वर्षांहून जास्त काळ हे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ९,००० होतं. महागाई भत्ता नाही, घरभाडे भत्ता नाही. ७ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ते १ जानेवारी २०२३ पासून १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. आज रुजू होणाऱ्याने तीन वर्षं याच आकड्यांत बसवायची आहेत. डोंबिवलीहून येणाऱ्याचा पास आणि दोन वेळचा डबा निघेल, मुंबईत भाड्याचं घर निघणार नाही. ‘शिकवण्या घेऊ’ असं म्हणत असाल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ वाचा. शिक्षकाला खाजगी शिकवणीला मनाई आहे. आठ हजारांत घर चालवायला सांगायचं आणि वर शिकवणीही बंद, हे कसं सुचतं हा वेगळा विषय.

आता मुख्य गोष्ट. मानधन ठरलं म्हणजे मिळालं असं नाही. रुजू झाल्यापासून पहिले आठ हजार हातात पडायला मला दहा महिने लागले, आणि हे फार वाईट मानलं जात नाही. वाट अशी आहे. शाळा वैयक्तिक मान्यतेचा, म्हणजे तुमची नेमणूक सरकारने मंजूर करावी असा, प्रस्ताव शिक्षण निरीक्षक कार्यालयाला पाठवते. मुंबईत उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे तीन विभाग आहेत. मान्यता आली की शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) आयडीसाठी वेगळा प्रस्ताव विभागीय पातळीवर जातो. आयडी मिळाला की शालार्थ प्रणालीत नाव चढतं, मग शाळेचं देयक वेतन अधीक्षकांकडे, तिथून कोषागार, तिथून बँक. यातली एकही पायरी पुढची पायरी आपोआप सुरू करत नाही. प्रत्येक टप्प्यावर फाईल कुणीतरी हलवावी लागते.

प्रस्तावात जातं ते असं: पवित्रवरचं शिफारसपत्र, संस्थेचा ठराव, नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, दहावीपासून बी.एड.पर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका आणि पदव्या, चालू वर्षाची संचमान्यता, प्रमाणित बिंदुनामावली, वैद्यकीय प्रमाणपत्र, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, आणि राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. तीन संच, प्रत्येक पानावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. आमचा प्रस्ताव मार्चच्या मध्याला गेला आणि मे महिन्यात त्रुटी पत्र आलं. त्रुटी एकच: बी.एड.च्या पदवीवर माहेरचं आडनाव, आधार आणि नियुक्ती आदेशावर सासरचं. विवाह प्रमाणपत्र जोडलेलं होतं, पण त्यावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि पदवीवर पूर्ण नाव. शेवटी राजपत्रात नावबदल छापून घेतला आणि त्याचं पान जोडलं. लग्न झालेल्या मुलींनो, हे पान रुजू होण्याआधी काढून ठेवा. ते नसेल तर दोन महिने जातात, आणि नंतर शालार्थ, बँक, पॅन, निवृत्तिवेतनाचं खातं अशा प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा येतो.

मान्यता ऑगस्टमध्ये आली, शालार्थ आयडी नोव्हेंबरमध्ये. डिसेंबरात नोव्हेंबरचे आठ हजार जमा झाले. आधीचे नऊ महिने, म्हणजे ७२,०००, चालू देयकात येत नाहीत. त्यांचं वेगळं थकीत देयक करावं लागतं, आणि त्याला तरतूद हवी. तरतूद नसली की ‘मार्चनंतर बघू’ हे उत्तर ठरलेलं. आमचे ७२,००० जून २०२३ मध्ये आले. त्यामुळे रुजू होताना निदान आठ-दहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, किंवा घरात दुसरा पगार असावा. खोटा धीर देण्यात अर्थ नाही. कार्यालयात खेटे घालताना एक सवय लावून घ्या: दिलेल्या प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का. ‘फाईल दिसत नाही’ म्हटलं की तो क्रमांक पुढे करायचा. २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आल्यापासून जुन्यांचीही कागदपत्रं पुन्हा मागवली गेली. ज्यांच्याकडे शिक्का मारलेल्या प्रती होत्या, ते निवांत होते.

व्यवसाय कराचं एक बारीक. आठ हजारांवर बाईला काही कापलं जात नव्हतं, पुरुष सहकाऱ्याचे १७५ जायचे. अठरा हजार झाल्यावर जानेवारी ते मार्च २०२३ माझेही २०० प्रमाणे, फेब्रुवारीत ३००, गेले. एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंत माफी मिळाली, तरी आमच्या पत्रकात कपात आणखी दोन महिने चालू राहिली. लिपिकाला दाखवल्यावर थांबली. पगारपत्रक दर महिन्याला मागून घ्या. न मागता ते कुणी देत नाही.

तीन वर्षं ३१ जानेवारी २०२५ ला पूर्ण झाली. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी आपोआप लागते असा समज आहे. लागत नाही. संस्थेचा ठराव, मुख्याध्यापकांचा समाधानकारक सेवेचा अहवाल, तिन्ही वर्षांचे गोपनीय अहवाल आणि मूळ मान्यतेची प्रत घेऊन पुन्हा प्रस्ताव जातो. हा प्रस्ताव मुदत संपण्याच्या दोन महिने आधी तयार ठेवा, कारण फेब्रुवारीत सगळी शाळा दहावीच्या परीक्षेत असते आणि मार्चमध्ये कार्यालयं वर्षअखेरीत. आमचा एप्रिलमध्ये गेला, मान्यता जुलैमध्ये आली, आणि ऑगस्टचा पगार नव्या श्रेणीने निघाला.

त्या पगाराचं पत्रक असं. सातव्या वेतन आयोगात बी.एड. माध्यमिक शिक्षक एस-१४ या वेतनश्रेणीत येतो: ३८,६०० ते १,२२,८००. मूळ वेतन ३८,६००. महागाई भत्ता ५५ टक्के, म्हणजे २१,२३०. हा दर १ जानेवारी २०२५ पासूनचा, आदेश निघाला ऑगस्टमध्ये. घरभाडे भत्ता मुंबईला ३० टक्के, कारण महागाई भत्ता पन्नासच्या वर गेला आहे: ११,५८०. वाहतूक भत्ता २,७००. एकूण ७४,११०. कपातीत राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे ५,९८३, म्हणजे मूळ अधिक महागाईच्या दहा टक्के. सरकार आपल्या बाजूने १४ टक्के घालतं, पण ते या पत्रकात हातात येत नाही. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. विम्याचे किरकोळ आकडे सोडले तर हातात साधारण ६७,९००. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट आणि ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली की एवढ्या पगारावर आयकर शून्य.

डी.एड. करून पहिली ते पाचवीला लागणाऱ्याची श्रेणी एस-१०, मूळ २९,२००. त्याच भत्त्यांनी मुंबईत एकूण ५६,७२०. महापालिकेच्या शाळांची भरतीही पवित्रवरूनच होते. अंशतः अनुदानितचा हिशोबही याच आकड्यांवर करून बघा: ७४,११० चे वीस टक्के १४,८२२. शिक्षण सेवकाच्या मानधनापेक्षाही कमी, आणि ते किती वर्षं, हे टप्पावाढ कधी होते त्यावर.

केंद्रीय विद्यालयाचा विचार आमच्यात फार थोड्यांनी केला, ही चूकच झाली. तिथे शिक्षण सेवक हा प्रकार नाही. प्राथमिक शिक्षकाला ३५,४००, पदवीधर शिक्षकाला ४४,९००, पदव्युत्तर शिक्षकाला ४७,६०० मूळ वेतन पहिल्या महिन्यापासून, परिवीक्षा काळातसुद्धा. कुलाब्यात, पवईच्या आयआयटीत अशी विद्यालयं आहेत. पण बदली देशात कुठेही होते आणि शिकवायचं हिंदी-इंग्रजीतून. ज्यांना हे जमतं, त्यांनी मराठी शाळेच्या पवित्र-रांगेत सहा-सात वर्षं घालवायचं कारण नाही.

आता परत माझ्या थकबाकीकडे. फेब्रुवारी ते जुलै २०२५ चा फरक: दरमहा ७४,११० मधून आधी मिळालेले १८,००० वजा, म्हणजे ५६,११०, सहा महिन्यांचे ३,३६,६६०. त्यातून निवृत्तिवेतनाचे ३५,८९८ कापून तीन लाखांच्या आसपास. देयक करताना आमच्या लिपिकाने महागाई भत्ता ५३ टक्क्यांनी धरला होता, कारण तक्ता जुना होता. दोन टक्के म्हणजे महिन्याला ७७२. मी स्वतः आकडेमोड करून कागद पुढे ठेवल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोनदा बेरीज केली आणि ‘बाई, गणिताच्या आहात’ म्हणून देयक बदललं. फरक डिसेंबरात आला.

वेतनवाढीच्या तारखा दोन: १ जानेवारी आणि १ जुलै. नियमित श्रेणी २ जानेवारी ते १ जुलै यादरम्यान लागली असेल तर पहिली वाढ पुढच्या १ जानेवारीला, त्यानंतर लागली तर पुढच्या १ जुलैला. एस-१४ मध्ये ३८,६०० नंतरची पायरी ३९,८००. जानेवारीच्या पत्रकात हा आकडा दिसतो का ते बघा. नसेल तर सेवापुस्तकात वेतनवाढीची नोंद झालेली नाही, आणि ती मुख्याध्यापकांकडून त्याच आठवड्यात करून घ्या.